बायबलमधले सगळे खरेच घडले का?

१. झुलू सहकाऱ्याचा प्रश्न

बायबलबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न साधा आहे : यात लिहिलेले सगळे खरेच घडले का? सहा दिवसांत जग तयार झाले, साप बोलला, नोहाच्या तारवात प्राण्यांच्या जोड्या चढल्या, योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला. ख्रिस्ती नसलेला माणूस हे कुतूहलाने विचारतो. ख्रिस्ती माणूस बहुधा मनातल्या मनात विचारतो.

१८६०च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. तिथले अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो बायबलचे झुलू भाषेत भाषांतर करत होते. काम जलप्रलयाच्या कथेपर्यंत आले तेव्हा विल्यम एनगिडी या त्यांच्या झुलू सहकाऱ्याने विचारले की उष्ण आणि थंड अशा सगळ्या प्रदेशांतले प्राणी चालत येऊन तारवात शिरले, हे बिशपसाहेबांना स्वतःला खरे वाटते का? कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचलेले होते. त्यांना 'हो' म्हणता आले नाही.

कोलेन्सो पूर्वी गणिताचे शिक्षक होते आणि त्यांची अंकगणिताची पाठ्यपुस्तके इंग्लंडमधल्या शाळांत चालत. तोच हिशेबी स्वभाव त्यांनी बायबलला लावला. 'गणना' या पुस्तकात मिसर देशातून बाहेर पडलेल्या इस्राएली लोकांची शिरगणती आहे. वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५० आणि सर्व वयांचे प्रथमजात म्हणजे थोरले मुलगे २२,२७३. वीस वर्षांखालची मुले धरली तर पुरुषांची एकूण संख्या नऊ लाखांच्या घरात जाते. नऊ लाखांना २२,२७३ने भागले की एका थोरल्या मुलामागे सुमारे चाळीस पुरुष येतात. म्हणजे प्रत्येक आईला सरासरी चाळीस मुलगे, मुली वेगळ्याच. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता आला असता. तो एका बिशपने करून १८६२ मध्ये छापला, यातच सगळी खळबळ होती.

पुढच्याच वर्षी केपटाउनच्या वरिष्ठ बिशपांनी त्यांना पदच्युत केले. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय अधिकाराबाहेरचा ठरवला. कोलेन्सोंनी प्रार्थना सोडली नाही आणि चर्चही सोडले नाही. १८७९च्या युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारविरुद्ध झुलूंची बाजू घेणाऱ्या मोजक्या गोऱ्या माणसांपैकी ते एक होते.

कोलेन्सोंच्या या भूमिकेला आज 'उदारमतवादी ख्रिस्ती दृष्टिकोन' म्हणतात. इथे 'उदारमतवादी' म्हणजे एखाद्या राजकीय पक्षाचा अनुयायी नव्हे. बायबल वाचताना इतिहास, विज्ञान आणि सदसद्विवेक बाहेर ठेवायचे नाहीत आणि ते आत आणल्यामुळे श्रद्धा मोडते असेही मानायचे नाही, अशी ही भूमिका आहे.

२. पुस्तक एक नव्हे, अनेक

या वाचनाची पहिली पायरी म्हणजे बायबल हे एक पुस्तक नाही हे लक्षात घेणे. प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३. ती हिब्रू, अरामी आणि ग्रीक या भाषांत सुमारे हजार वर्षांच्या काळात लिहिली गेली. त्यांत कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, प्रेमगीते, विलाप, म्हणी, खासगी पत्रे आणि स्वप्नदृष्टान्तही आहेत.

जुन्या घराच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली की तीतून सातबारा निघतो, आजीच्या ओव्यांची वही निघते, मुंबईहून आलेली पोस्टकार्डे आणि देण्याघेण्याची टिपणे निघतात. सातबाऱ्यातल्या गुंठ्यांवरून कोर्टात भांडता येते, ओवीतल्या सोन्याच्या उंबऱ्यावरून नाही. म्हणून ओवी खोटी ठरत नाही. समोरचा कागद कुठल्या प्रकारचा आहे, हे आधी ठरवावे लागते. उदारमतवादी वाचक बायबलच्या प्रत्येक पुस्तकाबाबत हेच आधी ठरवतो.

पहिल्याच पुस्तकाचे, म्हणजे 'उत्पत्ती'चे, उदाहरण घेता येईल. पहिल्या अध्यायात निर्मिती सहा दिवसांत होते. तिसऱ्या दिवशी वनस्पती, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जनावरे, आणि सर्वांत शेवटी माणूस, पुरुष व स्त्री दोघेही एकदम. दुसऱ्या अध्यायात चौथ्या वचनापासून कथा पुन्हा सुरू होते आणि क्रम बदलतो. शेतात अजून काही उगवलेले नसताना देव मातीपासून पुरुष घडवतो. मग बाग लावतो, मग पशुपक्षी घडवतो आणि शेवटी पुरुषाच्या फासळीपासून स्त्री. मराठी बायबलातसुद्धा पहिल्या अध्यायात 'देव' आणि दुसऱ्यात 'परमेश्वर देव' असे लिहिलेले दिसते. झां ॲस्ट्रूक या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये या नावांच्या फरकावरून अंदाज बांधला की इथे दोन वेगळे मूळ वृत्तान्त एकत्र शिवलेले आहेत. पुढे युलिउस वेल्हाउझेन या जर्मन अभ्यासकाने १८७०च्या दशकात बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत चार धागे असल्याची मांडणी केली. ते चार नेमके कोणते यावर आज पुष्कळ मतभेद आहेत. धागे अनेक आहेत, यावर विद्यापीठीय अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

दुसरा धक्का मातीच्या विटेतून आला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथला १८७२ मध्ये निनेवेहून आणलेल्या एका विटेवर जलप्रलयाची कथा सापडली. त्यात मोठी नौका होती, आत घेतलेले प्राणी होते, डोंगरावर अडकलेली नौका होती आणि पाणी ओसरले का हे पाहण्यासाठी सोडलेला पक्षीही होता. ही गिल्गमेशच्या महाकाव्यातली मेसोपोटेमियाची कथा होती आणि तिची परंपरा बायबलहून जुनी होती.

मग बायबलमधली कथा उसनी ठरते का? उदारमतवादी उत्तर असे : कथेचा सांगाडा शेजाऱ्यांकडचा आहे, तिच्यातून सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. मेसोपोटेमियाच्या एका कथेत माणसांच्या गोंगाटाने झोपमोड होते म्हणून देव प्रलय आणतात. बायबलमध्ये प्रलयाचे कारण माणसांनी माजवलेला अन्याय हे आहे. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायाला आजचे स्वरूप आले, तो काळ अनेक अभ्यासक इ. स. पू. ५८६ नंतरचा, यहुदी लोक बाबिलोनमध्ये बंदिवान असतानाचा किंवा त्यालगतचा मानतात. बाबिलोनी लोक सूर्य-चंद्राला देव मानत असताना बंदिवानांचा कोणी पुरोहित लिहितो की सूर्य-चंद्र हे आकाशात टांगलेले दिवे आहेत, आणि तेही चौथ्या दिवशी केलेले. तो खगोलशास्त्र शिकवत नाही. तो जेत्यांच्या देवांना त्यांची जागा दाखवतो.

३. अक्षरशः वाचण्याचा आग्रह किती जुना?

बायबल शब्दशः घेणे ही जुनी रीत आणि बाकीचे सगळे आधुनिक फाटे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने विचारले होते की सूर्य चौथ्या दिवशी झाला तर पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी झाली. असे तपशील प्रतीकात्मक आहेत, असे त्याचे मत होते. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ख्रिस्ती लोकांना बजावले होते की ग्रहताऱ्यांबद्दल बायबलच्या नावावर अज्ञान पाजळू नये, जाणकार बाहेरचे लोक हसतात आणि मग मृतांच्या पुनरुत्थानावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

आग्रह वाढला तो छापखाना, धर्मसुधारणा आणि नंतर विज्ञान यांच्या काळात. पोपचा अधिकार नाकारल्यावर प्रॉटेस्टंटांना ग्रंथाचा अधिकार अचूक हवा झाला. आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळींची बेरीज करून जगाची निर्मिती इ. स. पू. ४००४ मध्ये ठरवली. पुढे १७०१ पासून ही तारीख इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली आणि कित्येक पिढ्यांना ती बायबलमध्येच आहे असे वाटू लागले.

एकोणिसाव्या शतकात डार्विन आणि जर्मन विद्यापीठांतली चिकित्सा अशा दोन्ही बाजूंनी दाब वाढला. त्याला उत्तर म्हणून १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाची नव्वद निबंधांची पुस्तिकामाला निघाली. 'फंडामेंटलिस्ट' हे नाव त्यावरून रूढ झाले. १९२२ मध्ये न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी फंडामेंटलिस्ट जिंकणार का, असा सवाल करणारे गाजलेले प्रवचन दिले. गंमत अशी की पुस्तिकामालेचा खर्च लायमन स्टुअर्ट या तेल-उद्योजकाने केला होता आणि फॉस्डिकच्या प्रवचनाचा प्रसार धाकट्या रॉकफेलरने. दोन्ही बाजूंच्या दिव्यांत तेलाचाच पैसा जळत होता.

कॅथलिक चर्च या चिकित्सेकडे बराच काळ संशयाने पाहत होते. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी बायबल-अभ्यासकांना प्राचीन साहित्यप्रकारांच्या आधारे अर्थ लावण्याची मोकळीक दिली आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पक्की केली. त्यामुळे वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या पाद्र्याने 'उत्पत्ती'च्या सहा दिवसांना काव्य म्हटले, तर तो बंडखोर ठरत नाही.

४. मग श्रद्धा कशावर?

इथे वाचकाच्या मनात साहजिक शंका येते. कथा घडल्याच नसतील तर श्रद्धा ठेवायची कशावर? उदारमतवादी परंपरेने याची निरनिराळी उत्तरे दिली. फ्रीडरिश श्लायरमाखर या जर्मन विचारवंताने १७९९ मध्ये धर्माची टवाळी करणाऱ्या सुशिक्षितांना उद्देशून पुस्तक लिहिले. धर्माचे मूळ सिद्धान्तांत किंवा नीतिनियमांत नसून अनंताच्या जाणिवेत आहे, अशी त्याची मांडणी होती. नाझींनी नोकरीवरून काढल्यावर १९३३ मध्ये अमेरिकेत गेलेल्या पॉल टिलिख यांनी १९५७ मध्ये म्हटले की श्रद्धा म्हणजे पुराव्याविना एखादे विधान खरे मानणे नव्हे; माणसाच्या लेखी जे सर्वोच्च आहे त्याने पूर्णपणे व्यापले जाणे म्हणजे श्रद्धा. शंका हा त्यांच्या मते श्रद्धेचा शत्रू नसून तिचाच भाग आहे.

हे उत्तर सर्वांना पुरते असे नाही. त्यावरचे आक्षेप शेवटच्या भागात येतात.

५. डेटनचा खटला आणि हरवलेला तिसरा पक्ष

लोकांच्या मनातले बायबल बायबलमधून फार थोडे येते. ते नाटक, सिनेमा, कादंबरी आणि चित्रांतून येते. उदारमतवादी अभ्यासकांना लोकसंस्कृतीत रस वाटतो तो यामुळे. डेटनचा खटला हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

१९२५च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवण्यावर बंदी घातली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने हा कायदा न्यायालयात तपासून घ्यायला तयार असलेला शिक्षक हवा, अशी जाहिरात दिली. डेटन गावातल्या व्यापाऱ्यांना वाटले की खटला आपल्याकडे झाला तर गावाचे नाव होईल. औषधांच्या दुकानात बैठक झाली आणि जॉन स्कोप्स हा तरुण शिक्षक तयार झाला. जुलैमध्ये खटला उभा राहिला. सरकार पक्षाकडून तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन होते आणि बचावाला नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो. कामकाज रेडिओवरून थेट ऐकवले गेले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. पुढे १९२७ मध्ये तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला, कारण पन्नास डॉलरवरचा दंड ज्युरीने ठरवायचा असताना तो न्यायाधीशाने ठरवला होता.

१९५५ मध्ये या खटल्यावर 'इनहेरिट द विंड' हे नाटक आले आणि १९६० मध्ये चित्रपट. नाटककारांचा खरा रोख मॅकार्थीच्या काळातल्या कम्युनिस्टविरोधी छळावर होता. पण लोकांनी नाटकालाच इतिहास मानले. नाटकात शिक्षक तुरुंगात असतो आणि गाव त्याच्यावर चवताळलेले असते. प्रत्यक्षात स्कोप्स तुरुंगात गेला नाही आणि गावकऱ्यांचे त्याच्याशी बरे चालले होते. नाटकातला ब्रायनसारखा माणूस निव्वळ अडाणी वाटतो. खरा ब्रायन कामगार-शेतकऱ्यांचा नेता होता आणि 'बळी तो कान पिळी' या तत्त्वाला विज्ञानाचा टिळा लागेल या भीतीने तो उत्क्रांतीविरुद्ध गेला होता. साक्षीच्या वेळी त्याने सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हेही मान्य केले.

नाटकाने पुसलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. बचाव पक्षाच्या वैज्ञानिक साक्षीदारांपैकी प्रत्यक्ष साक्ष झाली ती एकट्या मेनार्ड मेटकाफ यांची, आणि तीही ज्युरीला बाहेर पाठवून. ते प्राणिशास्त्रज्ञ होते आणि नियमित चर्चला जाणारे ख्रिस्ती होते. शिकागो विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख शेलर मॅथ्यूज यांनी 'उत्पत्ती' आणि उत्क्रांती यांत विरोध का नाही, याचे निवेदन सादर केले होते. म्हणजे उत्क्रांती मानणारे ख्रिस्ती त्या खटल्यात होते. पण बायबल विरुद्ध विज्ञान असा दोन मल्लांचा सामना रंगवायचा तर तिसरा माणूस अडचणीचा होतो. आजही टीव्हीवरच्या चर्चेत एका बाजूला कट्टर धार्मिक आणि दुसऱ्या बाजूला कट्टर नास्तिक बसवतात, तेव्हा मेटकाफची खुर्ची काढूनच घेतलेली असते.

६. नाताळचा देखावा

नाताळच्या देखाव्यात गोठा असतो, गव्हाणीत बाळ येशू, मरीया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, बैल, गाढव आणि वर तारा. हा प्रसंग बायबलमध्ये कुठेही सलग नाही. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांच्यात जन्मकथाच नाही. मत्तयाकडे तारा आणि पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्योतिषी, आहेत. ते राजे नाहीत आणि त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी म्हणून लोकांनी माणसेही तीन केली. ते येतात तेही गोठ्यात नव्हे, घरात. लूककडे गव्हाणी आणि मेंढपाळ आहेत, पण तारा नाही. बैल आणि गाढव दोघांकडेही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून आणि नंतरच्या कथांतून आले. सगळ्यांना एका छपराखाली आणण्याची परंपरा फोफावली ती असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी मांडलेल्या देखाव्यापासून.

दोन वृत्तान्त कालगणनेतही जुळत नाहीत. मत्तयानुसार जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला, आणि हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पू. ४ मध्ये वारला. लूक जन्माचा संबंध रोमन सुभेदार क्विरिनियसच्या शिरगणतीशी जोडतो आणि ती इ. स. ६ मधली आहे.

उदारमतवादी वाचक इथे ओढूनताणून मेळ घालत नाही आणि देखावाही मोडत नाही. तो विचारतो, प्रत्येक लेखकाला काय सांगायचे आहे? मत्तयाच्या कथेत दुष्ट राजा बालके मारतो आणि एक बाळ मिसर देशात नेल्यामुळे वाचते. यहुदी वाचकाला लगेच तशाच संहारातून बालपणी वाचलेला मोशे आठवतो : हा नवा मोशे आहे, असे मत्तय सुचवतो. लूकच्या कथेत बातमी पहिल्यांदा पोहोचते ती रात्रपाळीच्या मेंढपाळांना. लूकच्या पुढच्या सगळ्या शुभवर्तमानात गरीब, स्त्रिया आणि परके यांना जे स्थान मिळते, त्याची ही नांदी आहे.

७. मग्दालिया मरीया आणि बेस्टसेलर

येशूच्या अनुयायांत मग्दालिया मरीया ही पश्चात्ताप पावलेली वेश्या होती, असे बहुतेकांना माहीत असते. चारही शुभवर्तमानांत असे कुठेही लिहिलेले नाही. तिच्यातून सात भुते निघाली, ती येशूबरोबर फिरत असे आणि रिकाम्या कबरेशी ती पोहोचली, असे त्यांत आहे. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१च्या सुमारास एका प्रवचनात ती, लूकमधली एक निनावी पापी स्त्री आणि बेथानीची मरीया या तिघींना एक केले. पूर्वेकडच्या चर्चने हे कधी मानले नाही. रोमने १९६९ मध्ये आपल्या पंचांगात दुरुस्ती केली आणि २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

पण लोकांच्या मनातली मरीया प्रवचनातलीच राहिली. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक-ऑपेरात ती तशीच येते. मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९८८ मधल्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'मध्येही ती तशीच आहे. त्यात वधस्तंभावरच्या येशूला तिच्याशी संसार केल्याचे स्वप्न पडते आणि त्यावरून पॅरिसमध्ये एक चित्रपटगृह जाळले गेले. २००३ मध्ये डॅन ब्राउनच्या 'द दा विंची कोड'ने तिला येशूची पत्नी केले. २००६ मध्ये त्यावरचा चित्रपट भारतात आला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडून परवानगी दिली, तरी गोव्यासह काही राज्यांनी प्रदर्शन रोखले.

उदारमतवादी अभ्यासकांनी या कादंबरीवर बंदी मागितली नाही, पण तिला मोकळेही सोडले नाही. इ. स. ३२५च्या नायसिया परिषदेत मतदानाने बायबलमधली पुस्तके ठरली आणि येशूला देव करण्यात आले, असे कादंबरीतले पात्र ठासून सांगते. त्या परिषदेत पुस्तकांची यादी विषयपत्रिकेवर नव्हतीच, आणि येशूला प्रभू मानणारी प्रेषित पौलाची पत्रे त्याआधी पावणेतीनशे वर्षांची आहेत. तरीही कादंबरी इतकी खपली याचे एक कारण चर्चनेच दिले होते. शुभवर्तमाने कोणी, केव्हा लिहिली आणि बाहेर राहिलेले ग्रंथ कोणते, हे पाद्री होणाऱ्या विद्यार्थ्यांना शंभर वर्षे शिकवले जात होते. रविवारी बाकांवर बसणाऱ्यांना ते कोणी सांगितले नव्हते. मग ते रहस्यकथेच्या लेखकाने अर्धवट सांगितले.

आणि या गदारोळात मूळ मजकुरातली खरी धक्कादायक गोष्ट बाजूला पडली. स्त्रीच्या साक्षीला फार वजन नसलेल्या समाजात योहान पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार म्हणून एका स्त्रीचे नाव देतो. तिला पत्नी किंवा वेश्या ठरवले की ही गोष्ट पुसली जाते.

८. ६६६ची बेरीज

१९७६च्या 'द ओमेन' या भयपटापासून ६६६ हा सैतानाचा आकडा जगभर माहीत झाला. तो बायबलच्या शेवटच्या, 'प्रकटीकरण' या पुस्तकातला आहे. जगाचा अंत कसा होणार याचे वेळापत्रक या पुस्तकात आहे, असे मानणारी एक शाखा एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीपासून वाढली. विश्वासणारे लोक एका क्षणी आकाशात उचलले जातील आणि बाकीचे संकटांत सापडतील, हे तिचे मुख्य सूत्र. हॅल लिंडसीने १९७० मध्ये ते शीतयुद्धाला जोडले आणि १९९५ पासून 'लेफ्ट बिहाइंड' या सोळा कादंबऱ्यांच्या मालिकेने ते कोट्यवधी घरांत पोहोचवले. उडत्या विमानातून माणसे नाहीशी होतात आणि आसनांवर कपडे उरतात, हे दृश्य अनेकांना बायबलमधलेच वाटते.

उदारमतवादी वाचन इथे पुन्हा कागदाचा प्रकार विचारते. 'प्रकटीकरण' पहिल्या शतकाच्या शेवटी आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना पाठवलेले, रोमच्या सत्तेविरुद्ध सांकेतिक भाषेत लिहिलेले लेखन आहे. त्यातली वेश्या सात डोंगरांवर बसते, आणि रोम सात टेकड्यांचे शहर आहे. ६६६ हा एका माणसाचा आकडा आहे, असे मजकूरच सांगतो. हिब्रूत अक्षरांना अंकांचे मूल्य असते. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर पहिल्या शब्दाची मूल्ये ५०, २००, ६ आणि ५० अशी, बेरीज ३०६. दुसऱ्या शब्दाची १००, ६० आणि २००, बेरीज ३६०. दोन्ही मिळून ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे. लॅटिन उच्चाराप्रमाणे 'नेरो' लिहिले तर शेवटचे ५० मूल्याचे अक्षर गळते आणि बेरीज बरोबर ६१६ येते. दोन्ही आकडे एकाच माणसाकडे बोट दाखवतात, म्हणून ही उकल बहुतेक अभ्यासकांना पटते.

छळ करणाऱ्या साम्राज्याविरुद्ध पिचलेल्यांनी लिहिलेले पुस्तक पुढे जगातल्या सर्वांत बलाढ्य देशात करमणुकीचे साधन झाले, हा इतिहासातला विनोदच म्हणायचा.

९. येशूचा चेहरा

वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकाराने १९४० मध्ये काढलेले येशूचे चित्र, फिकट तपकिरी लांब केसांचे आणि वर पाहणारे, विसाव्या शतकातल्या सर्वाधिक छापल्या गेलेल्या चित्रांपैकी एक आहे. शुभवर्तमानांत येशूच्या रूपाचे वर्णन नाही. पहिल्या शतकातला गालीलमधला सुतार सावळा आणि आखूड केसांचा असण्याचा संभव जास्त. त्यामुळे प्रत्येक समाज आपापला येशू काढतो, याला उदारमतवाद्यांची हरकत नसते. आपले चित्र हेच छायाचित्र आहे, या समजुतीला असते.

गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले अँजेलो दा फोन्सेका यांनी मरीयेला साडी नेसवली. गोव्यात त्यावर टीका झाली आणि त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केले. नारायण वामन टिळकांनी मराठी अभंगाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती लिहिली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. हे दोघे बायबलचे चिकित्सक नव्हते. पण पाश्चात्त्य पोशाख हा सुवार्तेचा भाग नाही, हे त्यांनी न सांगता दाखवले.

१०. या दृष्टिकोनावरचे आक्षेप

सर्वांत नेमका आक्षेप प्रिन्स्टनच्या जे. ग्रेशम मेचन यांनी १९२३ मध्ये घेतला. त्यांच्या मते उदारमतवाद ही ख्रिस्ती धर्माची सौम्य आवृत्ती नसून वेगळाच धर्म आहे. प्रामाणिकपणे तसे म्हणून त्याने बाहेर पडावे. दुसरा आक्षेप घरातून आला. पुढे आफ्रिकेत दवाखाना काढून प्रसिद्ध झालेले अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये येशूची शंभरेक वर्षांतली चिकित्सक चरित्रे तपासली. प्रत्येक लेखकाला येशू आपल्यासारखाच सापडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुसंस्कृत जर्मन प्राध्यापकाला तो सुसंस्कृत नीतिशिक्षक वाटला होता. १९१४ मध्ये जर्मनीच्या युद्धाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर आडोल्फ हारनाक या थोर उदारमतवाद्याची सही पाहून त्यांचा विद्यार्थी कार्ल बार्थ हादरला. संस्कृतीशी फार जुळवून घेणारा धर्म तिला 'नाही' म्हणू शकत नाही, हा बार्थचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान अजून झालेले नाही.

तिसरा आक्षेप थांबायचे कुठे, हा. १९८५ मध्ये रॉबर्ट फंक यांनी सुरू केलेल्या 'जीझस सेमिनार'मध्ये अभ्यासक येशूच्या प्रत्येक वचनावर रंगीत मणी टाकून मत देत : लाल म्हणजे नक्की त्याचे, गुलाबी म्हणजे बहुधा, राखाडी म्हणजे संशयास्पद, काळा म्हणजे नाही. १९९३ मध्ये निकाल छापला तेव्हा लाल आणि गुलाबी मिळून सुमारे १८ टक्के वचने उरली. अनेक उदारमतवाद्यांनाही ही पद्धत इतिहासापेक्षा प्रसिद्धीला सोयीची वाटली.

सगळ्यांत कठीण थांबा पुनरुत्थानाचा. नोहाचे तारू कथा मानल्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही, पण पौलाने सगळा विश्वास पुनरुत्थानावरच टेकवला आहे. इथे अभ्यासकांत एकमत नाही. १९९९ मध्ये मार्कस बोर्ग आणि एन. टी. राइट या दोन अभ्यासकांनी मिळून एक पुस्तक लिहिले आणि प्रत्येक प्रश्नावर आपापली प्रकरणे आळीपाळीने मांडली. बोर्ग यांच्या मते येशू आजही जिवंत असल्याचा अनुयायांचा अनुभव खरा आहे आणि कबर रिकामी होती की नाही याने त्यात फरक पडत नाही. पारंपरिक बाजूच्या राइट यांच्या मते पहिल्या शतकातला यहुदी 'पुनरुत्थान' म्हणे तेव्हा त्याला शरीरच अभिप्रेत असे; कबर रिकामी नसती तर चळवळ तिथेच संपली असती. दोघे मित्र होते, दोघेही अँग्लिकन परंपरेत उपासना करत, आणि पुस्तक संपेपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली बाजू सोडली नाही.